कागदावरचं वय

दांडिया बाजारात, गणपती मंडळाच्या खोलीत
मंगळवारी अकरा ते एक मी टेबल टाकून बसतो.
मखराची चौकट भिंतीला टेकलेली, ढोल चादरीत बांधलेला,
समोर पाच खुर्च्या.
त्यांतली एक डुगडुगते, तिच्यावर मी फाइली ठेवतो.

चाळीस वर्षं विमे विकले मी.
म्हणजे 'तुमच्या पश्चात' हे दोन शब्द विकले,
लोकांच्या घरी, त्यांचाच चहा पीत, त्यांच्या पोरांसमोर.
आता फुकट सांगतो
तुम्ही असताना काय मिळतं ते.
गिऱ्हाईक जुनंच. ऐकू मात्र दोघांनाही कमी येतं.

परवा इंदुमती जगदाळे आल्या.
पिशवीत पिशवी, तिच्यात तिसरी,
तिच्यात रुमाल, रुमालात आधार.
बाबाजीपुऱ्यात तीस वर्षं लीलो चिवडो तळलाय त्यांनी,
अजून चिमूट धरूनच बोलतात,
जणू वाक्याला मीठ कमी पडलंय.

'सत्तरीचं कार्ड काढायचंय. बहात्तर पूर्ण झाली मला.'
मी चष्मा वर केला, खाली केला.
आधार म्हणतं, अडुसष्ट.

मग कळलं ते असं:
नवरा तीन वर्षांनी लहान निघाला,
तेव्हा बोलणी करताना सासऱ्यांनी हिची चार वर्षं कापली.
सोनू मोहित्यांची इंदुमती जगदाळे झाली त्याच मांडवात.
नाव गेलं, वर्षं गेली,
रेशन कार्डावर नवीन बाई चढली
आणि तिथून सगळीकडे तीच उतरली.

'म्हणजे मी अजून म्हातारी नाही?'
कागदावर नाही, मी म्हणालो. दोन वर्षं थांबा.
नाहीतर मियागामच्या शाळेचा दाखला काढा,
सोनू म्हणजेच इंदुमती असं शपथेवर लिहून द्या,
खेटे घाला.
आणि कुणी आतला माणूस पाचशेत करून देतो म्हणाला
तर त्याला ही मधली पिशवीसुद्धा दाखवू नका.

त्या हसल्या. मी हसलो नाही, कारण
शेजारच्या टेबलावर निमिषाबेननं
तोवर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता.
'बा, हाथ ढीलो राखो.'
फुगा फुगला, सुस्कारत बसला.
एकशे ब्याऐंशी.
पाच मिनिटं बसवून पुन्हा. एकशे अठ्ठ्याहत्तर.

यंत्राला कुणी जन्मतारीख सांगितली नव्हती.
सासऱ्यांनी कापलेली चारही वर्षं
त्यानं नसांतून मोजून बाहेर काढली.

'पण मला काही होत नाही,' इंदुमतीबाई म्हणाल्या.
हेच तर. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलंय,
आणि त्यानंतर काही महिन्यांनी
त्यांच्या मुलांना डेथ क्लेमचा फॉर्म भरून दिलाय.
हे मी बोललो नाही. एवढंच म्हणालो:
कार्ड दवाखान्यात पडल्यावर लागतं,
गोळी न पडण्यासाठी.
कार्डाला वय लागतं. गोळीला नाही.
आरोग्य केंद्रात फुकट मिळते,
बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.
मीठ कमी.

'मीठ?'
तीस वर्षांचा अपमान झाल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे.

मी वहीत नोंद करायला घेतली.
नाव, पत्ता, फोन,
आणि जुन्या खोडीनं तोंडातून निघून गेलं,
'वारस कोण लावू?'
'अहो, मी आहे ना अजून!'

खोलीत सगळे हसले. निमिषाबेनसुद्धा,
जिला मराठी अर्धंच कळतं.
माझे कान गरम झाले.

चिठ्ठी रुमालात गेली, रुमाल पिशवीत,
पिशवी पिशवीत, ती तिसरीत.
दारापर्यंत जाऊन परत फिरल्या.
'डॉक्टर गुरुवारी बसतात म्हणालात.
गुरुवारी माझा उपास असतो. दत्ताचा.'

उत्तम, मी म्हणालो.
साखर उपाशीपोटीच बघतात.
साबुदाणा नंतर खा.