तीन हिसके

पंचगंगेत उडी घेतलेले
मी आजवर वर काढलेत, एकशे बारा.
घाटावर कुणीतरी ऊर बडवत असतं,
त्या आवाजाकडं पाठ करून उतरायचं, एवढंच कसब.
बाकी बोटं बघतात.
आधी केस लागतात, मग कॉलर,
मनगटावरचं घड्याळ, कधी कधी चालू असलेलं.

यंदा पौषात राधानगरीच्या पाण्यावर बोलावलं.
धरण बांधताना दगड ओढणारी आगबोट म्हणे
एका रात्री चुन्याच्या गोण्यांसकट तळाला बसली.
संग्रहालयाचे साहेब, दोन कॅमेरे, तहसीलची जीप,
आणि दोरावर नेहमीचा बाबालाल मुजावर,
कानावर बिडी.

पाच वाव उतरलं की पाणी बदलतं.
वरचं माणसाळलेलं. खालचं
कुणाच्या ओळखीचं नाही.
थंडी आधी दातांत शिरते, मग जुन्या मोडलेल्या बोटात,
मग कुठून शिरली ते कळत नाही.
आठ वाव. बॅटरीचा उजेड हातभर,
त्यात गाळ उडतो उफणणीच्या भुसासारखा.
तेरा.
पाय टेकले ते गाळावर नाही. लोखंडावर.

बॅटरी विझवली. माझं बघणं अंधारातच चालतं.
केवढी ही, हात पुरेना.
धुराडं आडवं, बॉयलर पोटुशीसारखा,
भट्टीच्या दारातून हात आत घातला
तर वांब. मांडीएवढी.
हलली नाही,
घर तिचं आहे एवढं मात्र कळवलं.
शेजारी फावडं, दांडा कुजून गेलेला,
कोळसा अजून भरायचा राहिलेला.
भरणारा कोण होता? पोहता येत होतं का त्याला?
मी केस शोधले.
नव्हते.

नाळेवर पितळी पट्टी. नखानं राप खरवडला.
वे लागला, मग णू,
पुढचं पाण्यानं खाल्लेलं.
दोर ओढला, सवयीनं,
तीन हिसके.

वर आलो तर टाळ्या चाललेल्या,
साहेब चिखलात नाचायचे तेवढे बाकी.
बाबालाल मात्र चपला काढून
गार खडकावर उभा, मान खाली.
तीन हिसक्यांना तो कायम असाच.
"बाई का बाप्या?" कानाशी येऊन पुटपुटला.
माझी दातखीळ बसलेली.
"बाई," म्हटलं. "नाव वेणू."
"कोण आलंय का तिचं?"
मी जीपकडं बघितलं, कॅमेऱ्यांकडं,
पार पलीकडच्या काठापर्यंत.
"आपण हाय की," म्हटलं,
आणि अंग पुसायला पंचा मागितला.