सात नंबरची बाव

विद्यापीठाचा प्रकल्प आला तेव्हा
कालावलच्या खाडीकाठी आमच्या अकरा बावी होत्या.
प्रकल्पाने त्यांना नंबर घातले.
मेथरांची बाव झाली सात.
मला मिळालं बारा खिशांचं जाकीट,
पेनाएवढा खारेपणाचा मीटर
आणि महिना सहा हजार.

प्रश्नावली बावीस पानांची.
प्रश्न चौतीस: आपत्तीनंतर पूर्ववत होण्याची आपली क्षमता
एक ते पाचमध्ये कितवी?
द्वारका मेथर तिसऱ्या फोडत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
पूर्ववत म्हणजे कसां?
वादळाच्या आदी होतां तसां?
तेवा तरी खंय बरां होतां?
मी तीनवर गोल केला.

तीनवर गोल केलेले दोनशे कागद
खोक्यात भरून एस्टीने पुण्याला गेले.

हर्डीकर मॅडम वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू.
कमरेएवढ्या चिखलात उतरायच्या,
कांदळाची रोपं एकेक मोजायच्या,
जेवताना माशाचा काटा घशात अडकला
तरी आकडा विसरायच्या नाहीत.

द्वारकाला मीटरचं वेड लागलं.
मी तो बुडवायच्या आधी
ती बोट बुडवून चाटायची. दोन, म्हणायची.
मीटर म्हणायचा तीन पॉइंट एक.
ती हरली तर मला ओंजळभर तिसऱ्या,
जिंकली तर मी दोन कळशा शेंदायच्या.
पहिला पावसाळाभर मी फुकट तिसऱ्या खाल्ल्या.
दुसऱ्या वर्षी
माझे खांदे दुखायला लागले.

मार्चला निधी संपला.
जाकीट ठेवा म्हणाले, मीटर परत द्या.
मग अहवाल आला, गुळगुळीत कागदाचा.
मुखपृष्ठावर द्वारका, पाठमोरी, कळशीसकट.
खाली लिहिलेलं: स्थानिक महिला.
आभारात माझं आडनाव चुकलेलं.
शेवटचं वाक्य मला पाठ आहे:
या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे.

श्रावणातल्या उधाणाला खारबांध फुटला,
नेमका दोन नंबरच्या झडपेशी,
जिथे फुटेल असं पान एकसष्टवर लिहिलं होतं.
पान एकसष्ट पंचायतीच्या कपाटात होतं.
कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे,
ग्रामसेवक कणकवलीला.

पाणी उतरल्यावर द्वारकाने निरोप धाडला. वही हाड.
मी म्हटलं, मीटर कुठाय?
तिने बोट बुडवलं, चाटलं,
डोळे मिटून थोडी थांबली.
साडेचार. लिव.
मी लिहिलं.
मग आठ नंबर, मग नऊ.
दर सोमवारी. पगार नाही, तिसऱ्याही नाहीत,
तिसऱ्या त्या वर्षी आल्याच नाहीत.
मधे तिला प्रेशर निघालं.
म्हणाली, डाक्टरान मीठ बंद केल्यान,
जीभ आता कोरी आसा, बरां झालां.
ती हसली. मला हसता आलं नाही.

काल मॅडम आल्या, स्वतःच्या पैशाने,
कुणाचा तरी मीटर मागून आणलेला.
वही चाळली. एकशे सत्तेचाळीस सोमवार.
हे कशाने मोजलंत, विचारलं.
मी द्वारकाकडे बघितलं.

तिने पदराला बोट पुसलं, बुडवलं, चाटलं.
दोन. बांध बुजवल्यापासून उतारता हा, म्हणाली.
मॅडमनी मीटर सोडला पाण्यात.
आकडे स्थिरावायला थोडा वेळ लागतो.
आम्ही तिघं कठड्यावर वाकून,
खाली आमची तीन डोकी हलत होती.