कार्डं संपल्यावर

पडदे ओढलेल्या खोलीत राजमल्लू गाजूल
यंत्रावर हनुवटी टेकवतात.
बाहेर अशोक चौकात त्रेचाळीस डिग्री.
"माझा चेहरा दिसतो?"
"कानातले दिसतेत. ओढणी दिसती.
मधे मातूर कुणीतर ओलं बोट फिरवल्यागत."

चाळीस वर्षं त्यांनी जेकार्डची कार्डं पाडली,
साखर पेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये.
नक्षीच्या कागदावरचा एकेक चौकोन वाचायचा :
भरलेला, तर भोक.
कोरा, तर नाही.
हजारभर पुठ्ठे ओवून मागावर चढवले
की खाली चादरीत मोर.

म्हणून मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून सांगते :
काका, डोळ्यातून मेंदूकडे मोर जात नाही.
नुसती भोकं जातात.
इथं उजेड, इथं नाही. इथं कड. इथं काहीतरी हललं.
आणि पडद्यावर उमटतं तेही उलटं, डोकं खाली.

ते हसतात.
"आमच्या मागावर बी चादर पालथीच की वो.
सुलट बाजू खाली. विणणाऱ्याला दिसतच न्हाई."

तपासणी संपते. ते उठत नाहीत.
चष्म्याची दांडी चोळत राहतात.
"पोराला सांगू नका म्याडम.
महिना झालं, कोऱ्या भिंतीवर नक्षी दिसती.
आधी चौकडी. मग तिच्यातनं वेल. वेल चालती.
डोळं मिटलं की जाती.
येडा झालो का मी?"

नाही.
पुस्तकात मला हे तीन ओळींत शिकवलं होतं,
परीक्षेला आलं नव्हतं.
मधली कार्डं यायची थांबली, काका,
माग थांबला नाही.
ताणलेल्या सुताला रिकामं राहवत नाही.

"म्हणजे नक्षी माझीच?"
"तुमचीच."
"मग ही मी पाडल्याली कशी न्हाई?
एक बी कार्ड वळखू येईना."

याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ते टेबल चाचपतात. पडदा तपासायचा
चौकटींचा कागद बोटाखाली येतो.
"ह्यो घेऊ का?"
समोर धरला तर मधे धूर,
म्हणून मान वाकडी करतात, डोळ्याच्या कडेनं भिंत वाचतात,
माझ्या पेनानं एकेक घर भरतात.

दाराशी पुढचा नंबर पुकारला जातो.
भरलेला. कोरा. कोरा.
भरलेला.
"थांबा की वो," ते भिंतीला म्हणतात,
"सावकाश चाला."