कूलर बंद करून

भाग सातवा. बेसाल्ट.
आधी कूलर बंद करावा लागतो,
नाहीतर दख्खनचं सगळं पठार
गोरेवाड्याच्या तलावात बुडाल्यासारखं ऐकू येतं.

मे महिना. उद्या शेहेचाळीस म्हणे.
खिडकीला गादी टेकवलेली,
मोबाईल पोह्यांच्या डब्यावर,
डब्याखाली टॉवेलची घडी,
आणि मी, बावीस वर्षं खडू हातात धरून बोललेली बाई,
भिंतीला सांगते आहे, "नमस्कार मुलांनो."

भिंत काहीच म्हणत नाही.
वर्गात निदान कोणी जांभई तरी द्यायचं.

फळा नसला की हात कुठे ठेवायचे?
सवयीने "हे बघा" म्हणून जाते
आणि अडते.
काय बघा?

मग टेबलावर दगड मांडले.
काटोल रोडच्या खोदकामातला काळा,
हातोडीने वाजवला: ठण्ण.
त्याच खड्ड्यातला, पण वरच्या थरातला,
मुरूम व्हायला निघालेला: थप.
"पहिला ताजा. दुसऱ्यात पाणी शिरलंय,
किती पावसाळ्यांचं, ते पुढच्या भागात.
आता हा तिसरा. ऐका.
सांगा, कोणता?"

आणि मी थांबले,
वर्गात थांबते तशी,
खिडकीबाहेर बघत, कोणाचीही नजर न धरता,
म्हणजे भित्र्यालाही तोंड उघडता यावं.

गुंजन बिसेन, एमएस्सी भाग दोन, आवाज साफ करून देतो.
"मॅडम, अकरा सेकंद तुम्ही काहीच बोलून नाही राहिल्या.
कापून टाकले."
"परत लाव."
"रिकामं कोणी ऐकत नाही ना मॅडम.
पोरं दीडपट स्पीडवर लावतात तुम्हाला."

दीडपट.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा
आणि त्यावरची मी,
दोघी-तिघींच्या घाईने बोलणारी, चिरक्या आवाजाची.
हसू आलं, थोडं लागलंही.
"लाव बाबा. दीडपट केलं
तरी सात सेकंद उरतात."

त्याने लावले. मान हलवत.

त्रिशरण मेंढे, रोल नंबर एकेचाळीस.
हजेरी अठ्ठावीस टक्के.
मी त्याला दोनदा ताकीद दिलेली, लेखी.
चेहरा आठवून बघते, तर
दाराजवळची एक बॅग तेवढी आठवते.

त्याचा आवाज आला रात्री पावणेतीनला,
बुटीबोरीच्या कोणत्या तरी गोदामातून:
"मॅडम, तिसरा कुजका.
मी मोठ्यानं बोललो, ट्रक खाली करता करता.
सुपरवायझर म्हणे, काहून बे, कोणाशी बोलून राहिला?
म्हटलं, मॅडमनं विचारलं ना."

मागे फोर्कलिफ्टची पीप पीप.
कोणीतरी हाक मारलेली, त्याने न दिलेली ओ.

"आता तुम्ही सांगा.
गेटजवळच्या गिट्टीतून उचलला.
लोखंडाच्या पट्टीवर मारतो. ऐका."

टक्.

ठण्ण नाही. थपही नाही.
भंडाऱ्याकडून आलेला नाइस असेल,
ट्रकमधून, कंत्राटदाराच्या मर्जीने,
किंवा दगडच नसेल, काँक्रीटचा तुकडा असेल,
किंवा पट्टीचाच आवाज मोठा.

आणि पुढे तो गप्प.
मला आधी वाटलं, फोन कटला.
मग लांबवर कुत्रं भुंकलं, हवा घासली माइकला,
त्याचा श्वास.
थांबला होता तो.
मी मोजले. अकरा.

इतकी वर्षं प्रश्नाच्या या बाजूला उभी होते,
तिकडे किती उकडतं, कळलं नव्हतं.

आतून आईने विचारलं, कूलर कायले बंद केला गं?
"एक मिनिट," म्हटलं,
पुन्हा लावलं. टक्.
वेग अर्धा केला. ट-क्.
कान मोबाईलला लावून खाली वाकले,
तर कपाळावरचा घाम टपकला काचेवर
आणि तो पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला,
"मॅडम, तिसरा कुजका."