उजवा हात

डाव्या हाताचं कौतुक सगळेच करतात.
त्याच्या बोटांना घट्टे पडतात, ते चारचौघांत दाखवता येतात.
उजवा म्हणजे पंगतीत वाढणारा,
मीठ वाढायचं राहिलं
तरच त्याच्याकडे कोणी बघतं.

साळवे सरांनी बघितलं.
चर्चच्या मागच्या खोलीत, मे महिन्यात,
पंखा गरम हवा ढवळत होता, तेव्हा म्हणाले,
"कोपरातून वाजवतेस. कोपर पाणी शेंदायला असतं.
मनगट कुठे गेलं तुझं?"

मी चौतीस वर्षांची.
दिवसभर टॉवेलच्या गठ्ठ्यांची बिलं टाइप करते.
मनगट कुठे गेलं, मला काय माहीत.

मग घरी, अशोक चौकाच्या अलीकडे,
जोत्यावर बसून एकच तार.
खाली, वर. खाली, वर.
खाली जाताना पिक नीट जातं,
वर येताना तिसऱ्या तारेत अडकतं,
बाभळीला पदर अडकावा तसं.
साठच्या लयीत. साठला जमलं की चौसष्ट.
चौसष्टला अंगठा पांढरा पडतो, खांदा कानाला लागतो,
दातसुद्धा आवळले जातात,
आणि दातांनी गिटार वाजत नाही
हे कळायला तीन आठवडे गेले.

सैल धरलं तर पिक पडतं, थेट पोटात.
गिटार उलटी करून, बाळाला ढेकर काढावी तशी
हलवत बसायची. गल्लीतली पोरं मोजतात,
आज किती वेळा.

आई शेजारी विड्या वळते.
हजाराला शंभर कमी असले तरी तिचा खांदा खालीच.
"इतकं गच्च धरतात होय गं," वर न बघता म्हणते,
"पान फाटेल."

नाना ऐकत नाहीत. म्हणजे त्यांना येत नाही ऐकू.
एकतीस वर्षं जॉबर, चोवीस माग हाताखाली,
त्या खडखडाटानं कान नेले
आणि हिशोबात कुठे दाखवले नाहीत.
ते फक्त माझा हात बघतात.
एकदा उठले, दोन बोटं मनगटावर ठेवली,
तापलेलं बेअरिंग तपासावं तशी,
आणि ओरडले (त्यांना वाटतं आपण हळू बोलतो),
"मेल्लगा! हळू!
धोट्याला कोणी ढकलत नेत नाही.
काठीनं टोला द्यायचा नि काठीनं थांबायचं.
पुढचं धोटा बघतो.
टोला जास्त झाला की उडतो."
भुवईवरची खूण दाखवली. जन्मापासून बघते ती,
कधी विचारलं नव्हतं.

मागावरच्या त्या काठीलाही पिकिंगचीच काठी म्हणतात.
सरांना सांगितलं. हसले. म्हणाले,
छान आहे, पण वर येताना अजून अडकतंय.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी एकशेवीसला जमलं.
सलग, सैल, पुरती दोन मिनिटं.
मोबाइलमधली टिकटिक बंद केली, तरी जमलं.
मला वाटलं, आलं.
तेवढ्यात लाइट गेली.
शेजारच्या कारखान्यातले माग थांबले, एकेक करून नाही,
एकदम,
आणि नसलेल्या पायरीवर पाय पडावा
तसा माझा हात खाली गेला.

म्हणजे इतके दिवस लय भिंतीपलीकडच्या मागाची.
मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून
वाऱ्याला तोंड देत होते,
पायडल माझंच समजून.

अंधारात आईचा हात थांबला नव्हता.
पानाची घडी, दोऱ्याचे वेढे,
एवढासा आवाज. कधी ऐकलाच नव्हता.
वारा थांबला तसं नानांना कळलं.
"आता वाजव," ते ओरडले,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

पन्नासपासून सुरू केलं.
पन्नास हाही अंदाज, मोजायला काहीच नव्हतं.
खाली.
वर.
तिसरी तार लागली.
खाली.