वळसा

फेलिक्स्टोच्या बंदराशी, पहिल्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून क्रेन दिसतात, निळ्या,
दावणीला चारा संपला की गुरं बघतात
तशा समुद्राकडे बघत उभ्या.

हल्ली रोज तेच पत्र टाइप करते:
'तांबड्या समुद्रातील परिस्थितीमुळे'.
परिस्थिती.
किती धुतलेला, इस्त्री केलेला शब्द.
घडी उलगडली तर आत जळका डेक निघेल,
म्हणून मी उलगडत नाही. पुढे लिहिते:
'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'.

जहाजं आता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येतात.
शाळेत बाई याला द्राविडी प्राणायाम म्हणायच्या,
डोक्यामागून हात नेऊन नाक धरायचं.
इथे फक्त प्रत्येक जादा श्वासाचं बिल येतं:
इंधन, विमा, युद्ध-अधिभार,
शिवाय रिकामे डबे भलत्याच बंदरात अडकले, त्याचा आकार वेगळा.
दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, हेही बाईंनीच शिकवलेलं.
तिसरा कोण, ते मला अजून सापडलेला नाही.
लोस्टॉफ्टचा सायकलवाला तर नक्कीच नाही,
ब्रेकच्या तारांवाचून त्याचं दुकान बंद आहे.

मंगळवारी दहाला मोरीन थर्कटलचा फोन.
तिचा माल एकच, नवऱ्याचा दगड.
खम्ममच्या खाणीतला काळा ग्रॅनाइट,
नाव तिकडेच कोरून घेतलेलं, स्वस्तात पडतं म्हणून.
रॉननं पस्तीस वर्षं याच धक्क्यावर क्रेन चालवली,
आत काय आहे ते न विचारता हजारो डबे उतरवले.
आता तोच एका डब्यात
खालच्या समुद्रात हेलकावे खातोय.
कबरीवर तोवर लाकडी पाटी.
पावसानं आडनावातला एक टी पुसलाय.

"कुठवर आलाय तो?"
तो. दगड नाही, तो.
मी स्क्रीनवरचा ठिपका बघते. "डर्बनच्या खाली."
"थंडी असेल का तिथे?"
मी हवामान काढून सांगते. हे माझ्या कामात बसत नाही.

जहाज लागलं, एकोणीस दिवस उशिरा.
त्या संध्याकाळी खलाशांच्या क्लबात
एकजण फोनवर सांगत होता, "पोचलो गं, जेवलो पण."
मी चहा घेऊन त्याच्यासमोर बसले.
इरफान मुकादम, दाभोळचा, इंजिनरूममध्ये असतो.
मागच्या फेरीला, म्हणाला, त्या सामुद्रधुनीतूनच गेलो.
दिवे बंद. डेकवर डांगऱ्या घातलेले पुतळे, आत चिंध्या,
लांबून माणसं जास्त दिसावीत म्हणून.
आणि खरी माणसं डोळ्यांत तेल घालून.
"शेतात बुजगावणं असतं ना, तसं.
फक्त आपण पीक की पाखरं, ते कळत नव्हतं."
घरी सांगितलं होतं, रेंज नाही.
"या खेपेला वळसा होता. झोपलो हो, रोज झोपलो."
आमच्या उशिराला कोणी दुवा दिलेला
मी पहिल्यांदाच ऐकला.

शुक्रवारी कीबलच्या दोन पोरांनी दगड बसवला.
मी का गेले, माहीत नाही.
मोरीननं हातमोजा काढून अक्षरं चाचपली,
दोन्ही टी जागेवर होते.
"जास्तीचे किती मैल झाले म्हणालीस?"
"साडेतीन हजार तरी."
ती दगडाकडे बघत राहिली. मग हसली.
"हा? इप्सविचला जायचं म्हटलं तरी कुरकुरायचा."

सोमवारी तेच पत्र उघडलं.
'दिलगीर आहोत'च्या खाली एक ओळ घातली:
'जहाजावरील सर्व माणसं सुखरूप'.
मॅनेजरनं वाचलं, चष्मा वर केला.
हे कोणी विचारलंय, म्हणाला.