सर्वोत्तमचा फॉर्म

मझियाने तिच्या वर्तमानपत्राचा फॉर्म आणलाय:
तिबिलिसीतला सर्वोत्तम चांभार, शिंपी, न्हावी, बेकरी.
"काका, तुम्ही तीस वर्षं ट्राम चालवलीत,
तुम्हाला नाही ठाऊक, तर कुणाला?"
चहा ओतते, पेनाचं टोपण दातात धरते.

चांभार.
लिही... थांब, एवढ्यात नको.
पुलाच्या तोंडाशी पत्र्याचा हिरवा खोका आहे,
त्यात गुरामी बसतो. बसतो म्हणजे मावतो.
ओठांत खिळे, म्हणून बोलणं बेताचं.
माझा बूट उलटा करून बघितला,
खिळे हातावर काढले आणि म्हणाला,
डावा गुडघा दाखवून घ्या कुणाला तरी.
डॉक्टरला ते कळायला पुढे दोन महिने लागले.
गुडघ्याचे पैसे त्याने लावले नाहीत.
टाचेचे लावले. चार लारी.

शिंपीण.
त्सियाला, चुगुरेतीतल्या तळघरात.
तिच्या खिडकीतून माणूस फक्त घोट्यापर्यंत दिसतो
आणि तिला तेवढा पुरतो.
"दुमड सुटलीये, आत ये!"
रस्त्यावरचं माणूस गोरंमोरं होऊन जिना उतरतं.
वीज नसायची त्या हिवाळ्यांत
तिने माझा ट्रामचा कोट पूर्ण उसवला,
कापड पालथं केलं, पुन्हा शिवला.
आतलं बाहेर. नवाच दिसायचा.
झिजलेली कोपरं तेवढी आत गेली,
माझ्याकडे तोंड करून.
पाच वर्षं मी ती कुणाला न दिसता घातली.

"न्हावी?"

न्हावी वाईट आहे.
अव्तोचा हात थरथरतो, कानापाशी हमखास चुकतो,
आणि मधेच कात्री ठेवून फुटबॉलवर भांडायला उठतो.
पण तुझा बाप हॉस्पिटलात सहा आठवडे पडला होता
(तू तेव्हा पोलंडात होतीस),
दर शनिवारी हा पिशवीत वस्तरा घालून
दोन बस बदलून यायचा.
शेवटच्या शनिवारी त्याला उशीर झाला.
बराच उशीर.
तरी त्याने बाही दुमडली,
नर्सकडे पाणी मागितलं.
तिने आणलं ते गार होतं. परत पाठवलं.
म्हणाला, तेंगिझला गरमच लागतं.

याला कुठला रकाना आहे, बघ.

मझिया फॉर्म बघत राहते.
छापलेला कागद, त्यात बघण्यासारखं काय?
मग नाक ओढून म्हणते,
"जिंकतील त्यांच्या दारावर सोनेरी स्टिकर लावणार आहेत.
हॉटेलवाले गिऱ्हाईक पाठवतील."

हो, पाठवतील.
वळणावरच्या फातीच्या लोबियानीला पाठवलं होतं की.
रांग लागली. आम्ही रांगेत शेवटी.
घरमालकाने रांग मोजली, भाडं तिप्पट केलं.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात,
स्टिकर मात्र अजून आहे. खरवडून निघत नाही म्हणे.

तर लिही आता.
चांभार: मॉल, पहिला मजला.
शिंपी: तोच मॉल, कुठलाही मजला.
न्हावी: तो काचेचा, जिथे आधी कॉफी विचारतात.
खोटं बोलतोय, कळतंय मला.
या वयात एवढं आपमतलबी असायला
मला परवानगी लागत नाही.

ती निमूट लिहिते. वळणदार अक्षर, बापासारखं.
"आणि बेकरी?"
मी तिच्याकडे, ती माझ्याकडे.
खालून भट्टीचा वास वर येतोय.
"बेकरी नाहीच शहरात," तीच म्हणते
आणि टोपण लावते.

मी टोपलीत सुटे टाकून
बाल्कनीतून दोरी सोडतो.
खाली लामारा पिठाचे हात झटकते,
दोन शोती ठेवते, मान वर न करता.
कुठल्या मजल्यावरचं कोण,
तिला दोरीच्या हिसक्यावरून कळतं.
आज मात्र थबकते. तिसरी ठेवते.
मझिया आल्याचं तिला कुणी सांगितलं,
विचारायचं राहून जातं.